विमाने जमिनीवर उतरली तेव्हा

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘विमानप्रवास’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा विषय आपला नव्हे. तो मोठ्या शहरांतल्या मोठ्या माणसांचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. विमानाची पायरी अजून दूरच आहे. माझ्या आईवडिलांनी विमान पाहिले आहे ते केवळ आकाशातले. परंतु २०२० साली करोनाच्या साथीमुळे जगातील विमाने जमिनीवर उतरली, तेव्हा त्या बंदीचा भार विमानात कधीही न बसलेल्या माणसांवरही पडला. हे कसे घडले, विमाने बंद करून साथ खरोखर थांबली काय, आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय ध्यानात ठेवावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साथ आली की वाट अडवावी, ही कल्पना फार जुनी आहे. १३७७ साली एड्रिॲटिक समुद्राकाठच्या रगुसा नगराने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ ह्या शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि १८९७ साली इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्या काळच्या तपासण्यांची आणि पुण्यातील रँडच्या कारभाराची आठवण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना करून देण्याची गरज नाही. नवलाची गोष्ट ही, की मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने हाती घेतलेले हत्यार हेच होते, १२३ वर्षांपूर्वीचे!

मात्र तेव्हाचे जहाज आणि आताचे विमान यांत मोठा फरक आहे. बोटीने येणाऱ्याला आठवडेच्या आठवडे लागत. अंगात रोग असेल तर तो बहुधा वाटेतच उघडा पडे. करोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस आणि क्वचित चौदा दिवस जातात. विमान तर पृथ्वीच्या एका टोकाचा माणूस एका दिवसात दुसऱ्या टोकाला नेऊन सोडते. म्हणजे प्रवासी उतरतो तेव्हा त्याला ताप नाही, खोकला नाही. विमानतळावर कपाळासमोर धरलेल्या तापमापकाला तो धडधाकटच दिसतो. म्हणूनच ताप मोजण्याचा उपाय तोकडा पडला आणि सरकारांना आणखी तीन उपायांकडे वळावे लागले. पहिला, निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आत केलेल्या चाचणीचा दाखला मागणे. दुसरा, उतरल्यावर काही दिवस विलगीकरणात ठेवणे. आणि तिसरा, सर्वांत सोपा व सर्वांत कठोर, विमानच येऊ न देणे.

आता घटनाक्रम थोडक्यात पाहू. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या वेळी प्रवासबंदी करावी अशी तिची शिफारस नव्हती. पण एकापाठोपाठ एक देश दारे लावू लागले. भारताने १३ मार्चपासून पर्यटकांचे व्हिसा स्थगित केले, २२ मार्चपासून परदेशांतून येणारी नियमित प्रवासी विमाने थांबविली आणि २५ मार्चपासून देशांतर्गत विमानेही बंद केली. देशांतर्गत वाहतूक दोन महिन्यांनी, २५ मे २०२० रोजी, एकतृतीयांश फेऱ्यांनिशी सुरू झाली. सगळ्या फेऱ्या चालविण्याची मुभा मिळायला १८ ऑक्टोबर २०२१ उजाडले. नियमित आंतरराष्ट्रीय विमाने तर २७ मार्च २०२२ रोजीच सुरू झाली. म्हणजे जे दार एका परिपत्रकाने काही दिवसांत लागले, ते पूर्ण उघडायला दोन वर्षे आणि वर पाच दिवस लागले. मधल्या काळात सरकारची ‘वंदे भारत’ विमाने आणि जुलै २०२० पासून अमेरिका, फ्रान्स, जर्मनी इत्यादी देशांशी झालेले ‘एअर बबल’ करार, एवढाच काय तो आधार होता.

ह्या बंदीने साधले काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. मार्च २०२० मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चीनमधील वुहान शहराची वाट बंद केल्यामुळे चीनच्या इतर भागांतील प्रसार केवळ तीन ते पाच दिवस पुढे ढकलला गेला, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण बंदी येईपर्यंत रोग देशभर पसरलेला होता. चीनबाहेरचा प्रसार मात्र काही आठवडे बराच रोखला गेला. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी परकीयांना दार बंद केले, आपल्या नागरिकांनाही दोन आठवडे विलगीकरणात ठेवले आणि पहिल्या वर्षात साथ जवळजवळ हद्दपार केली. पण ते चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेले छोटे राष्ट्र आहे. शिवाय विलगीकरणाच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने त्याचेच हजारो नागरिक परदेशांत ताटकळले. याउलट नोव्हेंबर २०२१ मधील ओमिक्रॉनची गोष्ट पाहा. दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी विषाणूचा नवा प्रकार प्रामाणिकपणे जगाला कळविला, आणि लगोलग अनेक देशांनी त्या भागातील विमाने बंद केली. पुढे नेदरलँड्समध्ये तपासणी झाली, तेव्हा १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतही तोच विषाणू सापडला! चोर घरात शिरल्यावर कडी लावावी, तसा हा प्रकार झाला. आणि ज्याने ‘चोर’ म्हणून ओरड केली त्यालाच शिक्षा मिळाली. तात्पर्य, बंदी वेळेवर आली तर ती तयारीसाठी थोडी उसंत देते. त्या उसंतीत खाटा, चाचण्या, प्राणवायू यांची सोय केली तरच तिचा उपयोग.

आता किमतीकडे वळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ४५० कोटी विमानप्रवासी होते. २०२० मध्ये ते १८० कोटींवर आले. विमान कंपन्यांचे प्रवासी उत्पन्न सुमारे ३७,००० कोटी डॉलरने घटले. भारतात देशांतर्गत प्रवाशांची संख्या १४.४ कोटींवरून ६.३ कोटींवर उतरली, आणि २०१९ चा आकडा ओलांडायला २०२३ साल यावे लागले.

कोणी म्हणेल, विमान उडाले नाही तर तेल वाचले! पण उभे विमान म्हणजे गोठ्यातली भाकड गाय. दूध नसले तरी वैरण चुकत नाही. विमानाचे भाडे, कर्जाचे व्याज, विमा, तळावर उभे राहण्याचे शुल्क, सारे चालूच राहते. इंजिनांची तोंडे झाकावी लागतात. चाके एकाच बाजूवर दबू नयेत म्हणून फिरवावी लागतात. वैमानिकाने ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडण्यापूर्वी त्याला पुन्हा सराव करावा लागतो. गंज चढू नये म्हणून शेकडो विमाने स्पेनमधील तेरुएल, ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज अशा कोरड्या हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवली गेली. ब्रिटिश एअरवेजने आपली सर्व ‘७४७’ जंबो विमाने जुलै २०२० मध्ये कायमची निवृत्त केली. दक्षिण अमेरिकेतील आविआंका आणि लाताम ह्या मोठ्या कंपन्यांनी मे २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. आपल्याकडे वैमानिकांपासून सामान चढविणाऱ्या हमालांपर्यंत अनेकांचे पगार कापले गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

प्रवाशांचा प्रश्न वेगळाच होता. रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत करायचे तर कंपन्यांच्या हाती रोकड नाही. त्यांनी ‘पुढे कधीतरी प्रवास करा’ म्हणून रक्कम खात्यावर जमा दाखविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत देण्याचा आदेश झाला. भाड्याच्या बाबतीत सरकारने प्रवासाच्या वेळेनुसार सात गट पाडले व प्रत्येकाला किमान आणि कमाल मर्यादा घातली. मे २०२० मध्ये दिल्ली-मुंबई भाडे ३,५०० रुपयांहून कमी वा १०,००० रुपयांहून अधिक नसावे, असे ठरले. कमाल मर्यादा प्रवाशाच्या रक्षणासाठी आणि किमान मर्यादा दुबळ्या कंपन्यांच्या रक्षणासाठी, असा हा दुहेरी बांध होता. तो ३१ ऑगस्ट २०२२ रोजी उठला.

येथवर झाली तिकीट काढणाऱ्यांची कथा. आता न काढणाऱ्यांची. साथीपूर्वी जगात विमानाने जाणाऱ्या मालापैकी सुमारे निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जात असे. वर माणसे, खाली माल. माणसांची वाहतूक थांबली की मालाची जागाही आपोआप नाहीशी होते. आणि आमच्या कोकणात २२ मार्च म्हणजे हापूसच्या हंगामाचे तोंड! आखाती देशांत आंबा बोटीनेही जातो, पण ब्रिटनसारख्या दूरच्या बाजाराला तो विमानानेच पाठवावा लागतो. झाडावरून उतरविलेला हापूस थोड्याच दिवसांत पिकतो. तो परिपत्रकाची वाट पाहत नाही.

अमेरिकेच्या निर्यातीची हकीकत तर फारच बोलकी आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर लासलगाव, वाशी यांसारख्या मान्यताप्राप्त केंद्रांत विकिरण प्रक्रिया करावी लागते, आणि तेथे अमेरिकन कृषी खात्याचा निरीक्षक हजर असावा लागे. प्रवासबंदीमुळे तो निरीक्षकच येऊ शकला नाही. परिणामी २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे भारतातून अमेरिकेला आंबा गेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये उभय देशांत समझोता झाला, तेव्हा २०२२ च्या हंगामात ही वाट पुन्हा मोकळी झाली. एका अधिकाऱ्याचा विमानप्रवास थांबला आणि दोन हंगामांचा बाजार बुडाला!

कोणी विचारील, निर्यात ती कितीशी? एकूण पिकाच्या मानाने ती थोडीच. पण परदेशी जाणारे फळ निवडक असते, ते हंगामाच्या आरंभी चांगल्या भावाने उचलले जाते. तेच फळ परत वाशीच्या बाजारात आले की सगळ्यांचाच भाव खाली ओढते. आणि त्या वर्षी टाळेबंदीमुळे तो बाजारही सुरळीत नव्हता. माझे वडील हंगामात दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरविण्याचे आणि पेट्या भरण्याचे काम करतात. त्या वर्षी बागायतदाराने निम्मेच गडी ठेवले. पासपोर्ट नसलेल्या माणसाची मजुरी आंतरराष्ट्रीय विमान बंद झाल्यामुळेही बुडू शकते, हा अर्थशास्त्राचा धडा मी पुस्तकाआधी घरात शिकले.

दुसरा वर्ग आखातातील कामगारांचा. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांची चूल तिकडून येणाऱ्या पैशावर पेटते. माझा चुलतभाऊ तिकडे वायरमन होता. एप्रिलपासून त्याचे काम बंद, पगार बंद, आणि परतीचे विमानही बंद. ‘वंदे भारत’ मोहीम ७ मे २०२० रोजी अबुधाबी आणि दुबईहून केरळला आलेल्या विमानांनी सुरू झाली. दूतावासात नाव नोंदवायचे, नोकरी गेलेले, गर्भवती, वृद्ध यांना अग्रक्रम, आणि तिकिटाचे पैसे प्रवाशाचे स्वतःचे. दादाचा नंबर जुलैमध्ये लागला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सात दिवस स्वखर्चाने विलगीकरण आणि मग सात दिवस घरी. पगार नसलेल्या माणसाने हा खर्च कोठून करावा? काकूने कानातले मोडले. शेजारच्या गोव्यात तर परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने २०२०-२१ च्या हंगामात आलीच नाहीत. तेथील शॅकवाले, टॅक्सीवाले, खोल्या भाड्याने देणारे यांनी काय केले असेल, ते सांगायला नको.

ह्यावरून विमाने कधीच बंद करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. जीव वाचविण्यासाठी वाट अडवावी लागली तर अडवावी. परंतु बंदी हे औषध आहे, आणि औषधाला वेळ, मात्रा आणि मुदत असते. रोग पसरून गेल्यावर घेतलेली बंदी निरुपयोगी. मुदत न सांगता चालू ठेवलेली बंदी घातक. आज बंदीचा हुकूम निघतो तेव्हा प्रवाशांचा आणि कंपन्यांचा विचार थोडाफार होतो, कारण त्यांना न्यायालयाचे दार ठाऊक आहे. मजुराला ते ठाऊक नाही. म्हणून पुढच्या साथीत असा हुकूम निघेल, तेव्हा त्याच्याबरोबरच मालाच्या विमानांची सोय, परतणाऱ्या कामगारांच्या तिकिटाची व विलगीकरणाच्या खर्चाची तरतूद, आणि निरीक्षणासारखी कामे इथल्याच अधिकाऱ्यांकडे सोपविण्याची व्यवस्था, ह्या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. त्यांसाठी फार मोठा खजिना लागत नाही. हुकूम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेटी भरणारा माणूस उभा असावा लागतो, एवढेच.