फुटबॉल संघ आणि त्याचा आश्रय : गोवा, कोल्हापूर व मालवणचा किनारा

लहान गावातील फुटबॉल संघाचा इतिहास वरवर पाहता जयपराजयांची यादी वाटतो. वस्तुतः तो आश्रयाचा इतिहास असतो. मैदान, साहित्य, प्रवास आणि खेळाडूंचा निर्वाह यांचा भार कोणी व किती काळ वाहिला, यावर संघाचे आयुष्य ठरते. मालवणच्या किनाऱ्यावरील अभ्यासकास हे पडताळून पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो. पूर्वेस गगनबावड्याचा घाट चढला की कोल्हापूरची वाट लागते. या दोन शेजाऱ्यांनी एकाच प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिलेली आहेत.

तुलनेसाठी प्रथम या खेळाच्या मूळ भूमीकडे पाहणे इष्ट होय. इंग्लंडमधील अनेक संघ चर्चच्या तरुण मंडळांतून किंवा कारखान्यांतील कामगारांतून निघाले. लँकेशायरमधील कापड-गिरण्यांच्या अ‍ॅक्रिंग्टन गावाचा संघ 1962 मध्ये हंगाम चालू असतानाच कर्जापायी लीगमधून बाहेर पडला आणि 1966 मध्ये बंद झाला. तथापि 1968 मध्ये त्याच नावाचा संघ पुन्हा उभा राहिला व 2006 मध्ये लीगमध्ये परतला. संस्था बुडाली, परंतु तिला आपले म्हणणारा गाव बुडाला नव्हता.

गोव्यात हा खेळ गावोगावी रुजला असला, तरी त्याला राष्ट्रीय उंची मिळाली ती प्रामुख्याने लोहखनिजाच्या पैशावर. साळगावकर उद्योगसमूहाचा संघ 1956 मध्ये ‘विमसन’ या नावाने सुरू झाला. धेंपे घराण्याचा संघ पुढे ‘धेंपो’ म्हणून प्रसिद्धीस आला. 1988 मध्ये साळगावकर संघाने फेडरेशन चषक जिंकला. असा मान मिळविणारा तो गोव्याचा पहिला संघ होय. 2006-07 पासून 2012-13 पर्यंतच्या सलग सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद गोव्यातच राहिले आणि त्यांपैकी पाच विजेतेपदे या दोन खाणमालक घराण्यांच्या संघांची होती. पगारी खेळाडू व पूर्णवेळ प्रशिक्षक यांवाचून असे सातत्य अशक्य असते.

परंतु मालकाचा आश्रय जितका समर्थ, तितकाच तो एका निर्णयावर अवलंबून असतो. धेंपे समूहाने 2009 मध्ये आपला खाणव्यवसाय विकला. 2012 मध्ये गोव्यातील खाणकामच न्यायालयाच्या आदेशाने थांबले. त्यानंतरही संघ खेळत राहिले. मात्र राष्ट्रीय स्पर्धांच्या नियोजित पुनर्रचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार असे दिसताच, त्याच्या निषेधार्थ 2016 मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही संघ त्या स्पर्धेतून बाहेर पडले. निषेधाचे कारण रास्त असो वा नसो, निर्णय संचालकांचा होता. प्रेक्षकास त्यात मत नव्हते. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो 2024-25 च्या हंगामात.

कोल्हापुरात संघाचा धनी पेठ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मुळात तालमींची. कुस्तीचा आखाडा हे त्यांचे आद्य रूप. शाहू छत्रपतींच्या काळात (1894-1922) मल्लविद्येला मोठा राजाश्रय मिळाला. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला; तालीम मात्र राहिली. कारण ती गणेशोत्सव, शिवजयंती आणि पेठेतील अडीअडचणी यांत गुंतलेली होती. फुटबॉल हे तिच्या अनेक अंगांपैकी एक झाले. म्हणून सामना हरला तरी संघ मोडत नाही. या रचनेचे दोषही उघड आहेत. पेठेचा अभिमान कधी हुल्लडबाजीपर्यंत जातो आणि वर्गणीच्या बळावर राष्ट्रीय लीगची पायरी चढता येत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत.

सारांश, खाणीने उंची दिली, पेठेने आयुष्य दिले. या दोहोंमध्ये वसलेल्या सिंधुदुर्गात खाणमालकाचा आश्रय नाही आणि कोल्हापूरसारखी पेठही नाही. येथील वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली असून तरुणांचा ओढा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे आहे. तरीही सामूहिक आश्रय या भूमीस अपरिचित नाही. दशावतारी मंडळे मालकाच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती जगतात गावोगावच्या जत्रांवर. एका गावाची जत्रा फसली तरी दुसऱ्या गावचा मांड असतोच. भार अनेक खांद्यांवर वाटण्याची ही रीत खेळाच्या संघास लावता येईल काय, हा येथील अभ्यासकांपुढील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मैदानावर नव्हे, तर देवस्थानांच्या व वाडी-मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत शोधावे लागेल.