चातुर्मास संपला, नियम टिकावा

आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आपल्या घरांतील आहाराला एक शिस्त लाभते. कोणी चौविहार करतो, कोणी नवकारशी पाळतो, कोणी ठरावीक द्रव्यांचा नियम घेतो. महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणारे गृहस्थही सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतात. पुढे लग्नसराई सुरू होते आणि दुकान वाढवून रात्री उशिरा भरपेट जेवण्याची जुनी रीत परतते. चार महिने साधलेले मग टिकत का नाही?

सवय रुजायला किती काळ लागतो, याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांच्या त्या पाहणीत नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसून आले. आपला चातुर्मास सुमारे १२० दिवसांचा. म्हणजे सवय जडण्यास अवधी पुरेसा मिळतो. उणीव राहते ती पुढील व्यवस्थेची.

व्यवस्था म्हणजे काय, ते घड्याळच सांगते. आपल्या भागात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या आरंभी मात्र सहाच्या सुमारास. ज्या दिवसांत गिऱ्हाईक वाढते, त्याच दिवसांत जेवणाची वेळ तासाभराने अलीकडे येते. तेव्हा केवळ निश्चयावर विसंबू नये. हिवाळ्यात साडेपाचला डबा दुकानात पोहोचेल आणि त्या अर्ध्या तासात गल्ला मुलाने किंवा भावाने सांभाळावा, हे घरात आधीच ठरवावे. रोज शक्य नसेल, तर आठवड्यातील दोन वार निश्चित करावेत. लहान पण न मोडणारा नियम मोठ्या संकल्पापेक्षा दीर्घायुषी ठरतो.

ताटाचाही विचार व्हावा. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची ऊणोदरी हे बाह्य तपच आहे. त्याला खर्च नाही, वेळही लागत नाही. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी कॅल्शियमने समृद्ध आहे. गव्हाच्या पोळीऐवजी सायंकाळी तिची भाकरी, सोबत मुगाची आमटी, एवढे पुरे. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे; लोणचे, पापड आणि फरसाण एकाच ताटात आले की ती सहज ओलांडली जाते.

हे सारे निकडीचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बैठा व्यवसाय, उशिराचे जेवण आणि पारण्यातील मिष्टान्न यांचा भार शरीर मुकाट्याने सोसते. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास, आयंबिल किंवा जेवणाच्या वेळेतील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. शाकाहारात ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो; तेव्हा त्याची तपासणी करून घ्यावी.

दिवाळीत आपण वर्षभराचा हिशेब मांडतो. यंदा वहीपूजनानंतर घरातील सर्वांनी मिळून पुढील वर्षासाठी आहाराचा एकच नियम निवडावा, आणि तो कोणाच्या सहाय्याने, किती वाजता पाळायचा, हेही त्याच वेळी ठरवावे.