पाटतळ

मोसम नदीकाठच्या गावातून आलेला तो कागद शेजारच्या दादांनी माझ्यासमोर उलगडला, तेव्हा घड्यांवर भोकं पडलेली होती. "ताई, आमच्या वावराचं काय लिहिलंय तेवढं सांगा." पणजोबांच्या पेटीत सापडलेला, बोरूनं लिहिलेला मोडी कागद.

मोडीची अक्षरं सरावानं ओळखू येतात. खरं अडतं ते शब्द कुठे संपला हे ठरवताना. कारकून आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. मध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. इकार एकच, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. कितीतरी शब्द दोन दंडांत उरकलेले असतात: मौ॥ म्हणजे मौजे, बि॥ म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा.

मी सुरुवात सालापासून करते. ते ठरीव शब्दांत येतं, म्हणून त्यावरून कारकुनाचं वळण कळतं. इथे होतं 'सु॥ सीत सितैन मया व अलफ'. सहा, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११६६. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी लागला असेल तर ६००. १७६५-६६, थोरल्या माधवरावांचा काळ. आणि 'सीत सितैन'मध्ये मला या माणसाचा 'त' दोनदा मिळाला.

तोच 'त' सातव्या ओळीत आडवा आला. 'जमीनपाटतळ', आणि पुढे बिघे. पाट तळ? पाटाच्या खालची जमीन? की पुढचा काना पुसला जाऊन 'पाट तळा', तळ्याकाठची? दोन्ही अर्थ लागत होते, आणि तेच धोक्याचं होतं. बसतोय म्हणून अर्थ घेतला की पुढच्या ओळी आपण त्या अर्थाकडे वळवत जातो. नाशिकमध्ये राहून एका अक्षराचं वजन विसरता येत नाही. 'ध'चा 'मा' जिच्या नावावर सांगितला जातो, त्या आनंदीबाईची आनंदवल्ली इथेच गंगापूर रस्त्याला आहे. १७७३च्या त्या चिठ्ठीची गोष्ट घडली तशीच असेल असं मी मानत नाही, पण मोडी वाचायला बसले की ती आठवतेच.

सार्वजनिक वाचनालयात जाऊन दाते-कर्व्यांचा शब्दकोश काढला. 'पाटतळ' हाताला लागलं नाही. घरी येऊन शब्द तसाच सोडला आणि पुढे वाचत गेले, मोठ्यानं. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. कारकून पुष्कळदा कानावर पडलेलं लिहितो, म्हणून त्याचं लेखन कानानंच पकडावं लागतं. अकराव्या ओळीत जीभ थांबली: 'मोटतळ'.

पाटाखाली जमीन असू शकते. मोटेखाली कसली? मोट तर विहिरीवर चालते. पाट आणि मोट जोडीनं आले की प्रश्न पाण्याचा असतो. पाटाच्या पाण्यावर भिजणारं ते पाटस्थळ, मोटेवर भिजणारं ते मोटस्थळ. मग मोल्सवर्थ उघडला, १८५७ची दुसरी आवृत्ती. तिथे हे शब्द आहेत. मोसमकाठच्या बागलाणात नदीवर बंधारे घालून पाटानं पाणी फिरवायची फड पद्धत जुनी. पाणी कशाचं, यावर जमिनीचा सारा ठरायचा. कारकुनाला हा शब्द लिहिणं भागच होतं.

तरी 'त' राहतोच. त्याला 'थ' काढता येत नव्हता असं नाही. 'येथील'मध्ये तो स्वच्छ आहे. घाई झाली असेल, किंवा सांगणाऱ्याच्या तोंडून तसंच आलं असेल. लिप्यंतरात मी 'पाटतळ'च ठेवलं आणि कंसात 'स्थळ?' लिहिलं. त्याच्या कागदातलं अक्षर सुधारायचा हक्क मला नाही.

संध्याकाळी दादांना वाचून दाखवलं. स्थळ म्हटल्यावर ते मध्येच म्हणाले, "थळ. आम्ही थळच म्हणतो त्या वावराला. आजी म्हणायची, थळात पाणी आलं का बघून ये." मग चष्मा लावून सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातलं थळ कुठलं, दाखवा."