जाळं विणावं की हिंडावं?

मागच्या खरिपात भातावर तुडतुडे दिसले आणि आम्ही घाईने फवारणी केली. थोड्याच दिवसांत तुडतुडे परत आले, आधीपेक्षा जास्त. त्यांची अंडी भाताच्या पानाच्या खोळीत, आत असतात. तिथे औषध पोचत नाही. मेले ते कोळी. मग पिल्लं बाहेर पडली, तेव्हा त्यांना खाणारं खाचरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून यंदा आम्ही आधी कोळी पाहायला बसलो.

कोळ्यांच्या पोट भरण्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. एक, जाळं विणून वाट बघायची. हिंडण्याची दगदग वाचते, पण उघड्यावर बसलेली कोळीण कुंभारीण माशीच्या नजरेत येते. आपल्या आढ्याला मातीचं घर लिंपते, तीच ही माशी. ते घर फोडून बघा, आत कोळी खच्चून भरलेले. मेलेले नव्हे, डंख मारून लुळे केलेले, म्हणजे अळीला ताजं खाणं मिळतं. (लेकरांच्या डब्याची एवढी काळजी आपणही घेत नाही!) म्हणून कित्येक कोळिणी अंधार पडल्यावर जाळं विणतात आणि उजाडायच्या आत ते गिळून पानाआड जातात. दिवसा बसणारी एखादी धक्का लागताच जाळं गदागदा हलवते, नाहीतर टपकन खाली पडते.

दुसरी तऱ्हा लांडगा कोळ्याची. हा जाळं विणत नाही. भाताच्या बुंध्याशी फिरतो, पाण्यावरूनही पळतो आणि तुडतुडे धरतो. पण हलणारा जीव बेडकाला, पाखराला चटकन दिसतो. मोठे कोळीही त्याला खातात. अमेरिकेतल्या अशाच कोळ्यांवर अभ्यास झाला आहे. मोठ्या जातीच्या कोळ्याचं रेशीम आणि विष्ठा पडलेल्या जागी छोटा कोळी हिंडणं कमी करतो. जीव वाचतो, पण शिकार कमी मिळते. मादीला तर ओझंही असतं. आधी मागे अंड्यांची पिशवी, मग पाठीवर पिल्लं.

लपायला जागा असली की कोळी टिकतात. म्हणून बांधावरचं गवत आम्ही एकदम कापत नाही, एक बाजू राखतो. दर आठवड्याला दहा चूड वाकवून बघतो. गटाच्या वहीत दोन रकाने आहेत, तुडतुडे आणि कोळी. पंप अजून माळ्यावरच आहे.