निवासी घरकामगार (महाराष्ट्र)

निवासी घरकामगार म्हणजे मालकाच्या घरातच राहून स्वयंपाक, साफसफाई, मुलांचा सांभाळ, वृद्धांची शुश्रूषा यांसारखी कामे मोबदल्यावर करणारी व्यक्ती. महाराष्ट्राच्या शासकीय परिभाषेत ‘घरेलू कामगार’ ही संज्ञा रूढ आहे. बोलीभाषेत अशा स्त्रीला ‘चोवीस तासांची बाई’ म्हणतात. कामाचे ठिकाण व निवारा एकच असल्याने कामाची वेळ कोठे संपते हे ठरत नाही आणि नोकरी सुटली की डोक्यावरचे छप्परही जाते. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे रीतसर नियुक्तीचे नियम वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत.

पार्श्वभूमी

घरकामगारांच्या सेवाशर्तींविषयी १९५९ मध्ये संसदेत खासगी विधेयके मांडली गेली होती, परंतु त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. महाराष्ट्रात १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला व त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी आणि आजारपणात नोकरीची शाश्वती हे प्रश्न या चळवळीने सार्वजनिक चर्चेत आणले.

कायद्याच्या दृष्टीने खासगी घर हा ‘उद्योग’ नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ‘उद्योग’ या संज्ञेतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या शहरात हा भेद सहज लक्षात येतो. यंत्रमागावरील कामगाराची नोकरी गेल्यास त्याला औद्योगिक कायद्याखाली दाद मागता येते. त्याच गल्लीतील घरात राहून काम करणाऱ्या स्त्रीला तो मार्ग उपलब्ध नाही.

महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा राज्यातील प्रमुख कायदा होय. त्यानुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरेलू कामगारांना नोंदणी करता येते. अपघातात तातडीचे साहाय्य, मुलांच्या शिक्षणासाठी मदत, वैद्यकीय खर्च, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतिलाभ आणि मृत्यूनंतर वारसास अंत्यविधीचा खर्च असे लाभ त्यात आहेत. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत कामगारांसाठी १०,००० रुपयांची सन्मानधन योजनाही राबविण्यात आली. मात्र हा कल्याणकारी कायदा आहे. तो वेतन, कामाचे तास वा साप्ताहिक सुट्टी ठरवीत नाही. नोंदणीच्या अर्जास मालकाचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे लाभाचा पहिला दरवाजा बऱ्याच अंशी मालकाच्या सहीवर अवलंबून असतो.

इतर महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे :

• वय – १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास, २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

• लैंगिक छळ – कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ याने घरकामगार स्त्रीची स्वतंत्र व्याख्या केली असून घर हे कामाचे ठिकाण मानले आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवावयाची असते.

• सामाजिक सुरक्षा – केंद्र शासनाच्या २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर घरकामगारांना असंघटित कामगार म्हणून नोंद करता येते.

लेखी करार

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मतदान केले, परंतु त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. त्यामुळे तो भारतात बंधनकारक नाही. तरीही लेखी करारात काय असावे याचा आदर्श म्हणून त्याचा उपयोग होतो. कामाचे स्वरूप, वेतन व ते देण्याची तारीख, कामाचे तास, रजा, जेवण व निवासाची व्यवस्था आणि नोकरी संपविण्याची पूर्वसूचना या बाबी त्यात अपेक्षित आहेत. निवासी कामगारांसाठी त्यातील चार तत्त्वे विशेष महत्त्वाची आहेत : राहण्याच्या जागेत खासगीपणा असावा, आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, सुट्टीच्या वेळी घरातच थांबण्याची सक्ती नसावी, ओळखपत्रे व प्रवासाची कागदपत्रे कामगाराकडेच राहावीत.

परदेशी नागरिकाच्या घरी नियुक्ती

महाराष्ट्रात राहणाऱ्या परदेशी नागरिकाने स्थानिक व्यक्तीस घरकामास ठेवल्यास त्यालाही वरील भारतीय कायदेच लागू होतात. मायदेशातून घरकामगार सोबत आणणे मात्र कठीण असते. ज्या कामांसाठी पुरेसे भारतीय उपलब्ध आहेत, अशा सर्वसाधारण कामांसाठी भारताचा रोजगार व्हिसा दिला जात नाही. शिवाय त्यासाठी किमान वार्षिक वेतनाची मोठी अट असते. विशिष्ट देशाची पाककला जाणणारे स्वयंपाकी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व दूतावासांचे कर्मचारी यांना वेतनाच्या अटीतून सूट देण्यात आली आहे.

परदेशस्थ भारतीय कुटुंबे

आखाती देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना गावाकडची ओळखीची बाई सोबत न्यावीशी वाटते. उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली ज्या देशांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे, तेथे परवानगीच्या कक्षेत येणाऱ्या स्त्रीस घरकामासाठी जाण्यास किमान ३० वर्षे वयाची अट आहे. नियुक्तीची प्रक्रिया ई-मायग्रेट प्रणालीतून करावी लागते. भेट व्हिसावर नेऊन कामास लावल्यास त्या स्त्रीचे तेथील वास्तव्यच अडचणीत येते आणि तक्रार करण्याचे बळही तिच्याकडे राहत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत २०२२ चा घरकामगार कायदा लागू आहे. साप्ताहिक सशुल्क सुट्टी, दिवसाला १२ तास विश्रांती व त्यांपैकी ८ तास सलग, तसेच वर्षाला ३० दिवस रजा हे हक्क त्यात आहेत. सिंगापूरमध्ये १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातील किमान एक सुट्टी पैसे देऊन रद्द करता येत नाही.

करारातील वेतनाचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो हे १२ डिसेंबर २०१३ च्या घटनेवरून दिसले. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामगाराच्या व्हिसा अर्जात वेतनाची खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केले. त्यानंतर काही दिवसांतच ते नव्याने दाखल झाले. या प्रकरणाने भारत-अमेरिका संबंधांत मोठा तणाव निर्माण केला. भारतातील चर्चेचा भर मुख्यतः अटकेच्या पद्धतीवर राहिला. घरकामगाराच्या वेतनाचा मूळ प्रश्न त्या मानाने मागे पडला.

सद्यःस्थिती

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याची आवश्यकता तपासण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. घरकाम करणाऱ्या एका स्त्रीला बंद घरात डांबून ठेवल्याच्या आरोपातून हे प्रकरण उद्भवले होते. स्वतंत्र कायदा होईपर्यंत विश्रांती, सुट्टी व पूर्वसूचना या बाबतींत निवासी कामगाराला मुख्य आधार मालकाशी झालेल्या कराराचाच असतो. तो तोंडी असल्यास वादाच्या प्रसंगी सिद्ध करणे अवघड जाते.