कल्याण ते पैठण : जुन्या व्यापारी वाटेनें मोटारसायकलवरून

शहरांतील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. घरांतील तरुण मंडळी नोकरीला लागतात, मोटारसायकल विकत घेतात, आणि चार दिवसांची रजा काढून लांबच्या प्रवासाला जाण्याचा बेत एके दिवशीं जाहीर करतात. आईवडिलांच्या मनांत भीति असते, मुलांच्या मनांत उत्साह असतो, आणि दोहों पक्षांचें बोलणें 'जावें कीं न जावें' एवढ्यावरच अडून राहतें. वास्तविक कोठें जावयाचें, कोणत्या रस्त्यानें, किती मुक्कामांनीं आणि कोणत्या ऋतूंत, या चार गोष्टी कागदावर नीट मांडल्या, तर भीति पुष्कळशी ओसरते आणि उत्साहालाहि योग्य वळण लागतें. ही आंखणी कशी करावी हें एका प्रत्यक्ष मार्गाच्या उदाहरणानें आज सांगावयाचें आहे.

प्रथम परदेशांतील एक रस्ता पाहूं. अमेरिकेंत १९२६ सालीं शिकागो आणि लॉस एंजेलिस हीं शहरें जोडणाऱ्या महामार्गाला ६६ हा क्रमांक देण्यांत आला. त्याची लांबी चार हजार किलोमीटरांच्या आसपास होती. १९३० नंतरच्या दशकांत दुष्काळानें आणि धुळीच्या वादळांनीं उद्ध्वस्त झालेलीं हजारों शेतकरी कुटुंबें याच रस्त्यानें पश्चिमेकडे गेलीं. पुढें रुंद द्रुतगति मार्ग झाले, गांवें बाजूला पडलीं, आणि १९८५ सालीं तो क्रमांकहि रद्द झाला. आज तो रस्ता अखंड उरलेला नाहीं. कोठें तो नव्या मार्गाखालीं गडप झाला आहे, तर कोठें एखाद्या गांवच्या जुन्या पेठेंतून जाणारा तुकडा शिल्लक आहे. तरीहि जगभरचे मोटारसायकलस्वार तो पाहण्यासाठीं जातात. त्यांना दोन नकाशे जवळ बाळगावे लागतात : एक आजच्या रस्त्यांचा, दुसरा जुन्या मार्गाचा. हे दोन नकाशे कोठें जुळतात आणि कोठें फांकतात हें आधीं शोधून ठेवणें, हाच त्यांच्या योजनेचा गाभा असतो.

त्याहून कितीतरी प्राचीन असा एक मार्ग आपल्या महाराष्ट्रांत आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, येथें जाई. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. त्यांत यज्ञांची आणि त्या प्रसंगीं दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं यांची नोंद आहे. भारतांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत या लेखांतील आंकड्यांची गणना होते. सातवाहन राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्तिहि येथें होत्या. आतां त्यांच्या पायांचे अवशेष आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं दिसतात. घाटाच्या तोंडाशीं एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें परंपरा सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या ग्रंथांत कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आजचें तेर, या तिन्ही पेठांचा उल्लेख आहे.

आतां योजनेचा मुख्य मुद्दा. नाणेघाट ही पायांची वाट आहे, चाकांची नव्हे. ओझ्याचा बैल दगडी पायऱ्या चढूं शकतो, म्हणून तांड्याची वाट सरळ आणि उभी असली तरी चालते. गाडीला मात्र वळणें घेत हळूहळू चढणारा रस्ता लागतो. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी वर आली, आणि मालाची रहदारी तिकडे वळली. नाणेघाट ओस पडण्याचें हें एक मोठें कारण होय. आज कल्याणहून मुरबाडमार्गें देशावर येणारा डांबरी रस्ता नाणेघाटाच्या ईशान्येस असलेल्या माळशेज घाटानें चढतो. पूर्वीं त्याचा क्रमांक २२२ होता. आतां तो राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून ओळखला जातो. मोटारसायकल हें चाकांचें वाहन असल्यामुळें स्वारानें माळशेजनेंच चढावें, आणि नाणेघाटासाठीं गाडी उभी करून पायीं चालण्याचा वेळ योजनेंत स्वतंत्र राखून ठेवावा.

या ठिकाणीं डिंगोरे या गांवाचें महत्त्व ध्यानांत येतें. माळशेजचा माथा ओलांडून महामार्ग पिंपळगांव जोगा धरणाच्या जलाशयाच्या बाजूनें ओतूरकडे निघतो. त्या वाटेवर जुन्नर तालुक्यांतील हें गांव आहे. गांवाच्या दक्षिणेस डोंगराची एक रांग आहे. रांगेच्या उत्तरेस नवा महामार्ग जातो, आणि दक्षिणेस कुकडीच्या खोऱ्यांत जुन्नर व जुनी व्यापारी वाट आहे. डिंगोऱ्याच्या परिसरांत महामार्ग सोडून गणेश खिंड ओलांडली, कीं नव्या मार्गावरून आपण जुन्या मार्गावर येतों. भ्रमणध्वनीवरील नकाशाला नुसतें 'कल्याण ते पैठण' असें विचारलें, तर तो येथें वळावयास सांगणार नाहीं. तो सरळ आळेफाट्याकडे नेईल, आणि ज्या वाटेसाठीं घर सोडलें ती वाट न पाहतांच प्रवास संपेल. म्हणून हें वळण कागदावर आधींच लिहून ठेवावें.

मुक्काम किती करावे? पेरिप्लसकारानें भडोचहून पैठणला वीस दिवस लागतात असें सांगितलें आहे. तें अंतर आजच्या रस्त्यानें चारशें किलोमीटरांच्या वर भरतें. म्हणजे त्या काळचा काफिला दिवसाला सुमारें वीस किलोमीटर चाले. कल्याण ते पैठण हें अंतर सुमारें तीनशें किलोमीटर आहे. मोटारसायकलनें तें एका दिवसांत कापतां येईल, पण तसें करण्यांत कांहीं अर्थ नाहीं. सतत सात-आठ तास वारा, धक्के आणि यंत्राची थरथर सोसलेल्या शरीराची सावधता संध्याकाळीं कमी झालेली असते, आणि घरचे ज्या अपघाताला भितात त्याचा संभव नेमका त्या वेळीं वाढतो. म्हणून जुन्नरला दोन मुक्काम आणि पैठणला एक, असे तीन मुक्काम धरावे.

पहिल्या दिवशीं कल्याणहून पहांटे निघावें. मुरबाडच्या पुढें वैशाखरे गांवाच्या आसपास, नाणेघाटाच्या तोंडाशीं उभा असलेला 'नानाचा अंगठा' हा कडा रस्त्यावरून दिसूं लागतो. येथें थांबून वर पाहिलें, म्हणजे बंदरावरून आलेल्या तांड्यासमोर केवढी चढण असे याची कल्पना येते. पुढें माळशेज घाट लागतो. पावसाळ्यांत येथें दाट धुकें उतरतें आणि दरडी कोसळतात. धुक्यांत किती वेगानें जावें याचें उत्तर साध्या गणितानें मिळतें. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेवढें अंतर ब्रेक लागण्यापूर्वींच कापलें जातें. कोरड्या रस्त्यावर ब्रेकनें वेग दर सेकंदाला ५ मीटरनें घटतो असें धरलें, तर थांबावयास आणखी १० मीटर लागतात. एकूण २० मीटर झाले. समोरचें २० मीटरच दिसत असेल, तर ताशीं ३६ ही शेवटची मर्यादा होय. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड कमी होते. तेव्हां हाच वेग ताशीं २८ च्या वर जाऊं देऊं नये. याच हिशेबानें ताशीं ६० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर सुद्धां सुमारें ४५ मीटर लागतात. हे आंकडे स्वारानें पाठ करून ठेवावेत, आणि त्याहून चांगलें म्हणजे पावसाळ्यांत हा प्रवासच योजूं नये. दसऱ्यानंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. चैत्र-वैशाखांत पैठणकडील ऊन असह्य होतें.

घाटमाथा ओलांडल्यावर डिंगोऱ्याच्या वळणानें दिवस असतांनाच जुन्नर गांठावें. पहिल्या दिवसाची मजल सव्वाशें किलोमीटरांच्या आसपास होते. अंधार पडण्यापूर्वीं पोंचण्याचें आणखी एक कारण आहे. जुन्नर तालुक्यांत उसाच्या शेतांच्या आश्रयानें बिबटे राहतात. माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवारा केंद्रहि आहे. आडरस्त्यावर दुचाकीस्वारांवर बिबट्यानें झेप घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. तेव्हां उसाच्या शेतांतील रस्ते रात्रीं टाळणें हा शहाणपणा होय.

दुसरा दिवस नाणेघाटासाठीं राखून ठेवावा. जुन्नरहून घाटघरमार्गें घाटमाथ्यापर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर रस्ता आहे. निघण्यापूर्वीं जुन्नरलाच पेट्रोलची टाकी भरून घ्यावी. माथ्यावर गाडी उभी करून लेणें, रांजण आणि खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं पाहावीं, आणि घळईंतून थोडें खालीं उतरून पुन्हां वर यावें. पायाखालचा दगड शतकानुशतकांच्या वर्दळीनें कसा झिजला आहे तें गाडीच्या आसनावरून कळत नाहीं. परततांना लेण्याद्रीला जावें. जुन्नरच्या परिसरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि तेथील शिलालेखांत यवनांनीं, म्हणजे परदेशीयांनीं, दिलेल्या दानांचा, तसेंच कांसार, बांबूकाम करणारे व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ज्या वाटेनें आपण आलों तिच्यावरील व्यापारानें हा पैसा आणला होता, हें ध्यानांत घेऊन लेणीं पाहिलीं म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो.

तिसऱ्या दिवशीं आळेफाटा, अहिल्यानगर आणि नेवासें या मार्गें पैठण गांठावें. सह्याद्रीच्या कड्यावर वाट एका खिंडीशीं बांधलेली असते. मैदानांत तिला अनेक फांटे फुटतात. त्यामुळें या टप्प्यांत जुन्या वाटेच्या रेषेचा हट्ट धरूं नये, तिच्यावरील स्थळें जोडीत जावें. आळे येथें ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधि आहे. पैठणला ज्याच्या मुखीं वेद वदले तो रेडा, भावंडें नेवाशावरून आळंदीला परत जात असतां, येथें निवर्तला अशी श्रद्धा आहे. म्हणजे तिसऱ्या दिवशीं आपला रस्ता त्या भावंडांच्या वाटेला उलट दिशेनें जाऊन मिळतो. ही मजल दोनशें ते सव्वादोनशें किलोमीटरांची, सर्वांत लांब. म्हणून दर तासाभरानें दहा मिनिटें उतरून पाणी प्यावें.

आतां यंत्राविषयीं थोडेंसें. निघण्याच्या आठ दिवस आधीं गाडी कारागिराकडून तपासून घ्यावी, म्हणजे बदललेला भाग गांवांतच चालवून पाहण्यास अवधि मिळतो. टायरची हवा, ब्रेक, साखळीचा ताण आणि दिवे हीं रोज सकाळीं स्वतः पाहावीं. सामान थोडें, खालच्या बाजूस आणि दोहों अंगांस सारखें बांधावें. हेल्मेट चालवणाऱ्यानें आणि मागें बसणाऱ्यानें, दोघांनींहि घालावें. कायदाहि तेंच सांगतो. परवाना, नोंदणी, विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला जवळ असावा. रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि तातडीच्या मदतीसाठीं ११२ हे क्रमांक, तसेंच स्वतःचा रक्तगट, खिशांतील चिठ्ठीवर लिहावा.

शेवटीं घरच्यांसाठीं दोन शब्द. योजनेच्या कागदाची एक प्रत घरीं ठेवून घ्यावी, आणि मुरबाड, डिंगोरे, जुन्नर अशा ठरलेल्या ठिकाणीं थांबल्यावर मुलांनीं स्वतः निरोप द्यावा असें ठरवावें. मध्यंतरीं आपण होऊन फोन करूं नये. चालत्या गाडीवर वाजणारा फोन हाच एक धोका आहे. कागदावर आणखी एक ओळ अवश्य असावी : उशीर झाला, तर काय करावयाचें. दुपारीं चारपर्यंत घाटाच्या पायथ्याशीं पोंचलों नाहीं, तर त्या दिवशीं घाट चढावयाचा नाहीं, मागें फिरून मुरबाडला राहावयाचें, असा निर्णय घरीं शांतपणें घेतलेला असला, म्हणजे तो रस्त्यावर घाईंत घ्यावा लागत नाहीं. पैठणला एक दिवस उशिरा पोंचल्यानें कांहींहि बिघडत नाहीं. जुन्या काफिल्याच्या हिशेबानें तेथें जावयास पंधरवडा लागत असे.