पल्सर घ्यावी की युनिकॉर्न? फिरायला जुनी गाडी घेताना आधी काय बघायचं

वडूज, वार्ताहर : सोयाबीनचे, कांद्याचे चार पैसे हातात आले की गावात जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. पूर्वी गाडी घ्यायची ती शेतावर जायला, डेअरीला दूध घालायला. आता पोरांना शनिवार-रविवार फिरायलाही पाहिजे. कास, महाबळेश्वर, पंढरपूर, तुळजापूर, नाहीतर कुंभार्ली घाट उतरून खाली चिपळूण-गुहागर. नवीन दीडशे सीसीची गाडी लाखाच्या वर जाते, म्हणून नजर जाते ती जुन्या गाडीवर.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या बाबतीत हेच झालं. त्याने दोन गाड्या पसंत केल्या. एक बजाज पल्सर १५०, दुसरी होंडा सीबी युनिकॉर्न १५०. दोन्ही २०१८ च्या, दोन्ही एमएच-११ पासिंगच्या. भावात फरक फक्त दोन हजारांचा. मला म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?" मी म्हटलं, आधी दोन्ही बघू, मग बोलू. त्या बघण्यातून जे समजलं ते इथे सांगतो, कारण अशी निवड बऱ्याच जणांपुढे असते.

कागदावर दोन्ही सारख्याच

दोन्ही गाड्या १४९ सीसीच्या, पाच गिअरच्या, कार्ब्युरेटरच्या, बीएस-४. दोन्हीला सेल्फ आणि किक, पुढे डिस्क, ट्यूबलेस टायर. दोन्ही १५० सीसीच्या आतल्या असल्याने थर्ड पार्टी विम्याचा गटही एकच. (युनिकॉर्नचं १६० चं मॉडेल घेतलं तर ते १६२ सीसीचं आहे, त्याचा विमा वरच्या गटात जातो. हे बघून घ्या.)

आणखी एक गोष्ट दोन्हीत सारखी, आणि ती महत्त्वाची. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. या दोन्ही गाड्या त्याच्या आधीच्या, दोन्हीला एबीएस नाही. म्हणजे ओल्या रस्त्यावर, वाळूवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होऊन गाडी घसरणार. घाटात फिरायचं असेल तर हे डोक्यात ठेवूनच चालवावी लागते. बजेट थोडं वाढवता येत असेल तर २०१९ किंवा पुढची एबीएसवाली बघा, हे मी पुतण्यालाही सांगितलं होतं. त्याचं बजेट तिथवर जात नव्हतं.

फरक कुठे आहे

पल्सरची टाकी १५ लिटरची, युनिकॉर्नची १३ ची. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर पल्सर भरलेल्या टाकीत ६७५ जाईल, युनिकॉर्न ५८५. लांबच्या प्रवासात नव्वद किलोमीटरचा फरक. पण आपल्याकडे दर वीस-पंचवीस किलोमीटरवर पंप आहे, त्यामुळे यावर निर्णय घेऊ नये.

ताकद पल्सरची साधारण एक हॉर्सपॉवर जास्त. हायवेला सत्तरच्या पुढे ओव्हरटेक करताना ते जाणवतं. युनिकॉर्नचं इंजिन शांत, थरथर कमी. तीन-चार तास सलग चालवल्यावर हाताला मुंग्या येतात की नाही, तिथे हा फरक कळतो.

बसण्यात मोठा फरक आहे. पल्सरचं हँडल दोन तुकड्यांचं, किंचित पुढे झुकून बसावं लागतं. युनिकॉर्नचं हँडल सरळ नळीचं, पाठ ताठ राहते. पल्सरला मागे दोन शॉकअप, युनिकॉर्नला मधोमध एकच मोनोशॉक. चाकं पल्सरची १७ इंची, युनिकॉर्नची १८ इंची. खराब रस्त्यावर मागे बसणाऱ्याला युनिकॉर्न थोडी मऊ लागते. मात्र मोनोशॉक गेला तर खर्च एकदम येतो.

पल्सरची जमेची बाजू म्हणजे पार्ट. कुठल्याही तालुक्याच्या गावाला, अगदी बाजाराच्या गावातल्या छोट्या गॅरेजवरही पल्सरचा माणूस आणि सामान मिळतं. रविवारी कोकणात गाडी बंद पडली तर याची किंमत कळते. युनिकॉर्नचं सामान मिळतं, पण प्रत्येक टपरीवर मिळेलच असं नाही.

थोडक्यात, एकट्याने हायवेने फिरायचं असेल तर पल्सर, दोघांनी आणि आडरस्त्याने जायचं असेल तर युनिकॉर्न. पण हे झालं नव्या गाडीचं. जुनी गाडी घेताना मॉडेलपेक्षा समोर उभी असलेली गाडी महत्त्वाची. गाय घेताना नुसती जात बघून कोणी घेत नाही, धार काढून बघतो. तसंच आहे हे.

गाडी कशी तपासायची

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा की चालू करून ठेवली आहे. थंड गाडी किती वेळात चालू होते हेच बघायचं असतं. चालू झाल्यावर सायलेन्सरचा धूर बघा. सुरुवातीची थोडी पांढरी वाफ चालते, निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय.

मीटरवर विश्वास ठेवू नका. पल्सरचं मीटर ३१ हजार सांगत होतं, युनिकॉर्नचं ४६ हजार. पुतण्या लगेच पल्सरकडे झुकला. मी त्याला पल्सरच्या फूटरेस्टचं रबर दाखवलं, पार गुळगुळीत झालेलं. गिअर लिव्हरचं रबरही तसंच. युनिकॉर्नच्या रबरावर अजून रेघा होत्या. ३१ हजारात रबर एवढं झिजत नाही.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३४१९ असेल तर २०१९ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, पावसात धरत नाही.

गाडी मेन स्टँडवर लावा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्येच खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा. खटखट आली तर चिमट्याचे बुश नाहीतर बेअरिंग गेलंय. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओघळ आहे का बघा. चेन मागच्या चक्रीवरून बोटाने ओढा, दात उघडे पडले तर चेनसेट बदलायला आला.

पेट्रोलच्या टाकीत मोबाइलची बॅटरी मारा. आत गंज दिसला तर भाव पाडा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच उसापासून होतं ही चांगली गोष्ट, पण २०१८ ची गाडी त्या हिशोबाने बनलेली नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. फक्त शनिवार-रविवारीच काढणारी गाडी आठवडाभर उभी राहते, म्हणून टाकी, रबरी पाइप आणि कार्ब्युरेटर नीट बघून घ्यायला हवेत.

शेवटी चक्कर मारा, पण एकट्याने नको. ज्याला मागे बसवून फिरणार आहात त्यालाच बसवा. चढावर तिसऱ्या गिअरला ओढते का, सरळ रस्त्यावर एका बाजूला खेचते का, ब्रेक दाबल्यावर डिस्क थरथरते का, हे दोघं बसल्यावरच कळतं.

खरी गोची कागदात

गाडीतला बिघाड मिस्त्री काढतो. कागदातला बिघाड वर्षानुवर्षं निघत नाही.

पल्सर एका एजंटाकडे उभी होती. आरसी बघितली तर त्यावर फायनान्सचा बोजा तसाच. एजंट म्हणाला, "दादा, कर्ज कधीच फिटलंय, एनओसी आठ दिवसांत आणून देतो. तुम्ही गाडी घेऊन जावा, टीटी फॉर्मवर मूळ मालकाची सही घेऊनच ठेवलीय." सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असताना आपण जमिनीचा व्यवहार करत नाही. मग गाडीचाच का करावा? फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय आरटीओ बोजा उतरवत नाही. आणि कर्ज खरंच फिटलेलं नसेल तर वसुलीवाले गाडी उचलायला तुमच्या दारात येतात, एजंटाच्या नाही.

मी इतका ताठर का झालो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी जुनी गाडी अशाच एका एजंटाला दिली. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, विषय संपला असं समजलो. पुढे दीड वर्षाने मोबाइलवर चलनं येऊ लागली, ट्रिपल सीट, सिग्नल तोडला. गाडी कुठल्या शहरात, कोणाकडे, काही पत्ता नाही. एजंट फोन उचलेना. चलनं मी भरली. अपघात झाला नाही हे नशीब.

नशीब म्हणतो त्याला आधार आहे. गाडी कितीही हातांत फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. विमा संपलेला असेल तर ती रक्कम घरातूनच द्यावी लागते. म्हणजे शेत विकायची पाळी येऊ शकते. त्यामुळे गाडी विकणाऱ्यानेही हे वाचावं.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच :

१. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, पासिंगची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा बघा. पासिंग १५ वर्षांचं असतं, २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत.

२. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकलेली चलनं बघा. तिथे गाडी नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. चलनं असतील तर आधी मालकाला भरायला सांगा.

३. हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळवा. खरवडलेला वाटला तर गाडी सोडून द्या.

४. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी सक्तीची आहे. नसेल तर आरटीओतली कामं अडतात. ती बसवून घ्या किंवा तो खर्च भावातून वजा करा.

५. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही तुमच्यासमोर, तारीख घालून घ्या. कोरा फॉर्म देऊ नका, घेऊ नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

६. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

७. पैसे शक्यतो मूळ मालकाच्या खात्यावर ऑनलाइन द्या. रोख दिले तर तारीख, वेळ आणि गाडी नंबर टाकून पावती घ्या. ताबा कोणत्या वेळी घेतला हे त्यात पाहिजेच, त्याच्या आधीचं काही निघालं तर तोच पुरावा.

शेवटी काय घेतलं

युनिकॉर्न एका रिटायर गुरुजींची होती. मालक एकच, बोजा नाही, चलन नाही, सर्व्हिसच्या पावत्या फाइलला लावलेल्या. पण मिस्त्रीने तपासून सांगितलं, मागचा टायर, चेनसेट आणि बॅटरी बदलायला आलीय, साडेपाच हजारांच्या आसपास जातील. गुरुजींना आम्ही ते सरळ सांगितलं. त्यांनी चार हजार कमी केले. दुसऱ्या दिवशी तेच सातारला आरटीओत सह्यांना आले.

पुतण्याचं मन अजून पल्सरवर होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, "पल्सर वाईट नाही रे. ही पल्सर वाईट आहे." बोजा उतरलेली, एका हाताची पल्सर मिळाली असती तर मीही तीच घे म्हटलं असतं.

नवे टायर-चेन टाकून गेल्या रविवारी तो आणि सूनबाई कराड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाऊन आले. कराडपासून एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आसपास होतं. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागे बसणाऱ्यालाही ते लागतं. रात्री आल्यावर म्हणाला, "काका, पाठ दुखली नाही." आरसीवर त्याचं नाव चढल्याचा मेसेजही त्याच आठवड्यात आला. मला जास्त बरं वाटलं ते त्या मेसेजचं.